घरी शिकलेल्या मुलाची दहावी, बारावी आणि पुढचं कॉलेज

२०१६ मध्ये मुंबईच्या एका सतरा वर्षांच्या मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. सातवीनंतर तिने शाळा सोडली होती. दहावीची परीक्षा दिलेली नव्हती, बारावीचीही नाही. ही बातमी अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि मूल हुशार असेल तर बोर्ड-बिर्ड काही लागत नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. बातमीचा उरलेला भाग मात्र कुणी पुढे पाठवत नाही. त्या मुलीकडे संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. तरीही बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीत तिला प्रवेश मिळू शकत नव्हता. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला शिकायला जागा दिली. देशात तिला सामावून घेणारी अशी संस्था विरळाच.

दरवर्षी मे-जूनमध्ये निकाल लागले की होमस्कूलिंग करणाऱ्या, किंवा करावं का अशा विचारात असलेल्या घरांत तेच प्रश्न निघतात. दहावीचं काय? बारावी कुठून? नीट, जेईई देता येते का? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घरी शिकवणं आता लोकांना फारसं अचंब्याचं वाटत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर पाय लटपटतात. त्यामागे अभ्यासाची भीती थोडी असते, कागदपत्रांची जास्त. म्हणून या लेखात मुख्यतः कागदांबद्दलच बोलायचं आहे.

शिकणं एकीकडे, प्रमाणपत्र दुसरीकडे

गाडी चालवायला तुम्ही कुठेही शिकू शकता. ड्रायव्हिंग स्कूल लावा, नाहीतर मामाच्या गावी रिकाम्या रस्त्यावर त्याच्याकडून शिका. लायसन मात्र आरटीओच देणार, आणि तिथला साहेब तुम्ही कुणाकडे शिकलात हे विचारत नाही. होमस्कूलिंगमध्ये हायस्कूलच्या वर्षांचं असंच आहे. शिकवायची जबाबदारी घराची आणि परीक्षा घेणारं मंडळ बाहेरचं. मंडळ तुम्ही निवडायचं, पण एक कुठलंतरी निवडावंच लागतं, कारण भारतातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या फॉर्मवर ‘बारावी उत्तीर्ण, मान्यताप्राप्त मंडळ’ ही अट असते.

माझं ठाम मत आहे की ही निवड मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत व्हायला हवी. ‘बघू पुढे’ म्हणणारी घरं सोळाव्या वर्षी धावपळ करतात, आणि त्या धावपळीत वर्ष जातं ते मुलाचं.

पण हे कायद्याने चालतं का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने मिळाला. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. शाळेत न घालणाऱ्या पालकांना मात्र त्यात कुठलीही शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंगला परवानगी आहे असं कायदा म्हणत नाही, आणि बंदी आहे असंही म्हणत नाही. याच मोकळ्या जागेत आपल्याकडची होमस्कूलिंग करणारी कुटुंबं राहतात.

चौदा वर्षं पूर्ण झाली की हा प्रश्न मागे पडतो. त्या वयापुढे शाळेत जाण्याची सक्ती नाही, आणि मुक्त विद्यालयाची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देऊ देणाऱ्या सरकारी मंडळाची, दहावीची नोंदणीही त्याच वयापासून होते. म्हणजे सगळ्यात अवघड वाटणारा टप्पा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात सोपा आहे. (नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या मराठी कुटुंबांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि होमस्कूलिंग चालत नाही. अमेरिकेत उलट पन्नासही राज्यांत ते कायदेशीर आहे, नियम तेवढे प्रत्येक राज्याचे वेगळे.)

परीक्षा कोणत्या मंडळाची द्यायची?

महाराष्ट्रातल्या कुटुंबाला सहसा तीन वाटा असतात.

पहिली वाट आपल्या ओळखीची, ‘बाहेरून दहावी’. राज्य मंडळाच्या भाषेत खासगी विद्यार्थी, आणि लोकांच्या तोंडी सतरा नंबरचा फॉर्म. पुस्तकं बालभारतीची आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांबरोबर. फॉर्म आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच भरावा लागतो, इथे बरेच जण चुकतात. मूल किमान पाचवी पास असावं लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळेचं तोंडच न पाहिलेलं मूल इथे अडतं. अशा मुलांना महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षांचा उपयोग होतो. तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा थेट देता येते. बारावी विज्ञान करायचं असेल तर प्रात्यक्षिकांसाठी कॉलेजची प्रयोगशाळा लागते, त्यामुळे सतरा नंबरची वाट कला-वाणिज्याच्या मुलांना जास्त सोयीची.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थानाची. यापुढे याला एनआयओएस म्हणू. ही केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय नोएडाला, आणि पुण्यात तिचं प्रादेशिक केंद्र आहे. १९७९ मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून काम सुरू झालं आणि १९८९ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. इथली दहावी-बारावी सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीची धरली जाते. देशातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या घरांचा मोठा आधार हीच.

तिसरी वाट केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाची, म्हणजे दहावीच्या जागी आयजीसीएसई आणि बारावीच्या जागी ए लेव्हल. काही परीक्षा केंद्रं बाहेरच्या विद्यार्थ्यालाही बसू देतात. प्रत्येक विषयाची फी वेगळी आणि भारी असते. परदेशी जायचा विचार पक्का असेल तर ही वाट सरळ पडते. भारतात शिकायचं ठरलं तर भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षतेचं पत्र लागतं, म्हणजे ‘ही परीक्षा आपल्या बारावीइतकी आहे’ असा कागद. त्यासाठी विषय किती आणि ग्रेड कोणत्या हे ठरलेलं असतं. ‘अमेरिकन हायस्कूल डिप्लोमा घरबसल्या’ अशा जाहिरातींना पैसे भरण्याआधी याच संघाची मान्यता तपासा. कितीतरी पालक हे काम पैसे भरून झाल्यावर करतात.

एनआयओएस जवळून

बहुतेकांची वाट हीच असल्यामुळे इथे जरा थांबतो.

दहावीच्या नोंदणीला वय चौदा पूर्ण लागतं. आठवी पासचा दाखला नसला तरी ‘हा अभ्यासक्रम झेपेल एवढं शिक्षण मी घेतलं आहे’ असं स्वतःचं निवेदन चालतं, त्यामुळे शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही नोंदणी करता येते. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. हवे तर आणखी दोन जादा घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकदम द्यायचं बंधन नाही. दोन आत्ता दिले आणि तीन पुढच्या वेळी, असंही चालतं. प्रत्येक विषयाला घरून लिहून पाठवायचा गृहपाठ असतो, त्याला २० टक्के वजन. विज्ञान विषयांची प्रात्यक्षिकं नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर होतात. अभ्यासाची पुस्तकं संस्थेच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

विषय निवडताना शाखांच्या भिंती नाहीत. भौतिकशास्त्राबरोबर चित्रकला घ्या, गणिताबरोबर गृहविज्ञान. पण या मोकळीकीत एक धोकाही आहे. गणित न घेता इथे दहावी पास होता येतं, आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलाला घरचे लोक मायेपोटी तसं करू देतात. पुढे त्याच मुलाला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा किंवा अकरावी विज्ञान करावंसं वाटलं की पहिल्याच फॉर्मवर गाडी अडते. मुलाला पुढे काय आवडेल हे चौदाव्या वर्षी कुणालाच माहीत नसतं, म्हणून दहावीला गणित आणि विज्ञान घ्यावंच, मार्क कमी पडले तरी चालतील.

आता एक हिशेब, जो माहितीपत्रकात दोन ओळींत संपतो आणि घरांना फार महागात पडतो. एनआयओएस बारावीचं प्रमाणपत्र दहावी पास झाल्यावर दोन वर्षांनीच देतं. एका वर्षाने बारावीला बसता येतं, पण जास्तीत जास्त चार विषयांना. पाचवा दोन वर्षं भरल्यावर. समजा, एका मुलीची नोंदणी झाली आणि तिने २०२७ च्या एप्रिलमध्ये दहावीचे तीन विषय दिले, उरलेले दोन ऑक्टोबरमध्ये. अभ्यासाचा ताण वाटला गेला, घर खूश. पण तिची दहावी पूर्ण झाली ऑक्टोबर २०२७ मध्ये, म्हणजे बारावी पूर्ण होणार ऑक्टोबर २०२९ मध्ये, आणि तो निकाल लागेपर्यंत जून-जुलैचे प्रवेश होऊन गेलेले. तिचं कॉलेज सुरू होईल २०३० मध्ये. तेच दोन विषय एप्रिलमध्ये उरकले असते तर एक वर्ष वाचलं असतं. एखाद्या घराला ते जादा वर्ष हवंही असेल, संगीताच्या रियाजासाठी, खेळासाठी, कशासाठीही. तसं असेल तर ते ठरवून घ्यावं.

जेईई, नीट, सीईटीचं काय?

‘मुक्त विद्यालयाची मुलं या परीक्षांना बसू शकत नाहीत’ हे वाक्य क्लासच्या काउंटरवरही ऐकायला मिळतं. ते चूक आहे.

जेईई मेनच्या पात्रतेच्या यादीत एनआयओएसची बारावी नाव घेऊन दिलेली आहे, किमान पाच विषयांची अट घालून. म्हणून चार विषय देऊन थांबू नये. आयआयटी आणि एनआयटीला आणखी एक चाळणी असते: बारावीला ७५ टक्के, किंवा आपापल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नंबर, आरक्षित गटांना टक्क्यांत सवलत आहे. नुसत्या जेईईच्या रँकवर विसंबून बारावी कशीबशी काढणाऱ्यांना ही चाळणी शेवटी आठवते.

नीटची गोष्ट थोडी वळणाची. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटमधून वगळणारी अट आली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. तरी ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं, कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नये. शिवाय प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण हवीत. घरी शिकणारी मुलं कधीकधी भराभर पुढे जातात, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या राज्याच्या कोट्यात डोमिसाईलबरोबरच दहावी-बारावी महाराष्ट्रातून पास झालेली आहे का, हे पाहिलं जातं. तेव्हा एनआयओएसचं केंद्र निवडताना महाराष्ट्रातलंच निवडा. आजोळ बेळगावला आहे, तिथे शांतता मिळते, म्हणून तिथून परीक्षा देणं पुढे नडू शकतं.

डिझाइन, कायदा, आर्किटेक्चर, केंद्रीय विद्यापीठं, सगळीकडे प्रवेश परीक्षा वेगळी पण अट तीच, बारावी. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होऊ लागले. बाहेरच्या मुलांना हा बदल बरा, कारण तिथे सगळ्या मंडळांची मुलं एकाच परीक्षेला बसतात.

शाळेचा दाखला नाही, मग कॉलेज कशावर घेणार?

एनआयओएस स्थलांतर प्रमाणपत्र देतं, आणि एलसीच्या, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या, जागी कॉलेजला तेच द्यायचं. खिडकीवरचा क्लार्क ‘एलसी आणा’ म्हणेल, कारण त्याने वर्षभर तोच कागद पाहिलेला असतो. शांतपणे स्थलांतर प्रमाणपत्र पुढे करावं आणि एलिजिबिलिटीचा फॉर्म मागावा.

जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांची तयारी मात्र फार आधी करावी लागते. आपल्याकडे जातीची आणि जन्मतारखेची नोंद म्हणून पहिल्यांदा शाळेचा दाखलाच पाहतात. मुलाचा तो नसेल तर वडील, आत्या, काका, आजोबा यांचे दाखले गोळा करायला लागतात, आणि आजोबांच्या गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर शोधणं हे एका दिवसाचं काम नव्हे. डोमिसाईललाही वास्तव्याचा पुरावा म्हणून शाळेचाच कागद सहज दिला जातो. तो नसल्यावर वीजबिलं, रेशनकार्ड, घराचे कागद लागतात. मूल बारा-तेराचं असतानाच ही फाइल करून ठेवा. बोनाफाइड नसल्यामुळे एसटीच्या पासापासून आंतरशालेय स्पर्धांपर्यंत काही गोष्टी हातच्या जातात, हेही मुलाला आधी सांगावं.

घरी फिजिक्स कोण शिकवणार?

पालकांनी शिकवलंच पाहिजे असं काही नाही. या वयात आईवडिलांचं काम बदलतं. मुलाला कुठला विषय कुणाकडे, किती वेळ, कशासाठी हे ठरवायला मदत करणं, एवढंच उरतं. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं फुकट मिळतात, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या वेबसाइटवर व्याख्यानं आहेत, आणि गल्लोगल्ली क्लास आहेतच.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. अकरावी-बारावीची हजारो मुलं आज कॉलेजात नाव घालतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात, लातूरला, पुण्याला, कोट्याला. कॉलेजात त्यांची हजेरी फक्त कागदावर. त्या मुलांबद्दल ‘शाळेत जात नाही, याचं कसं होणार’ असं कुणी म्हणत नाही. घरी शिकणारं मूल त्यांच्यापेक्षा फार वेगळं काही करत नाही; ते खोटी हजेरी लावत नाही, एवढाच फरक.

विज्ञानाची प्रात्यक्षिकं ही अडचण मात्र खरी आहे. टायट्रेशन किंवा सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड व्हिडिओवर पाहून हातात बसत नाही. ओळखीच्या कॉलेजात किंवा अभ्यासकेंद्रात परीक्षेच्या बरेच आधी काही दिवस प्रयोगशाळा मिळेल का, ही चौकशी करावी.

मुलं एकलकोंडी होतात ना?

काही होतात, काही होत नाहीत, शाळेतल्यासारखंच. पंधराव्या वर्षी मित्र लागतात आणि ते घरात मिळत नाहीत. म्हणून नाटकाचा ग्रूप, ट्रेकिंग, मैदान, वाचनालय, ढोलपथक, यातलं काहीतरी आठवड्यात ठरलेलं हवं. तेही होत नसेल आणि मूल शाळेची आठवण काढत असेल, तर त्याचं ऐकावं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘घरी शिकते’ या नावाखाली मुलीला शाळेतून काढून घरकामाला किंवा लग्नाला लावणं आपल्याकडे सहज घडू शकतं. शिक्षण हक्काच्या कायद्यातलं शाळेत घालण्याचं कर्तव्य अशा मुलींसाठी फार मोलाचं आहे, आणि होमस्कूलिंगचा पुरस्कार करताना ते कर्तव्य सैल करा अशी मागणी मी कधीही करणार नाही. दुसरं असं की घरी शिकवण्याचा भार बहुतेक वेळा आईवर पडतो, नोकरी तिची सुटते. आठवी ते बारावी ही पाच वर्षं कोण किती वेळ देणार हे नवरा-बायकोने आधी बसून ठरवावं, आणि आईने ‘नाही’ म्हटलं तर विषय तिथेच संपावा.

परदेशात जायचं असेल तर?

अमेरिकेत घरी शिकलेली मुलं इतकी आहेत की कॉलेजांना त्यांचे अर्ज नवे नाहीत. तिथे पालकांनी तयार केलेलं गुणपत्रकही चालतं: कोणता विषय, कोणती पुस्तकं, किती खोलवर, काय काम केलं. पण घरच्या गुणपत्रकावर घरचाच शेरा, म्हणून त्याला बाहेरचा आधार हवा. सॅटसारखी प्रवेशासाठीची परीक्षा, एखाद्या विषयाची कॉलेजच्या पातळीची एपी परीक्षा, घराबाहेरच्या शिक्षकाचं शिफारसपत्र, यातून तो मिळतो. नववीच्या वयापासून वहीत नोंदी ठेवायला लागा. चार वर्षांनी आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं. आणि परदेशाचा बेत कितीही पक्का असला तरी भारतातली बारावी सोडू नये. व्हिसा, पैसे, घरातलं आजारपण, काहीही आडवं येऊ शकतं.

मध्येच शाळेत परत जावंसं वाटलं तर?

चौदाच्या आत असेल तर वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश द्यायला कायदा सांगतो, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला नकार देता येत नाही. नववी-दहावीत परतणं अवघड, कारण बरीच मंडळं नववीतच विद्यार्थ्यांची नोंद करून घेतात. तेव्हा शाळेत परतायचं तर आठवीपर्यंत, नाहीतर मग दहावी बाहेरून करून अकरावीला. बाहेरून दहावी झालेल्या मुलांना अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात अर्ज भरता येतो, आणि कितीतरी घरं दहावीपर्यंतच होमस्कूलिंग करून मूल ज्युनियर कॉलेजात पाठवतात. त्यासाठी दहावीचा निकाल एप्रिलच्या परीक्षेचा हवा, आणि जूनमध्ये अर्जाच्या तारखांवर रोज लक्ष ठेवायला हवं, कारण एनआयओएसचा निकाल राज्य मंडळाच्या मागून लागला तर पहिली फेरी हातची जाते.